रस्ता संपतो तेथून पुढे



खानापूर तालुक्यातील एका मातेचे पत्र मजसमोर आहे. तिच्या थोरल्या मुलाने दोन वर्षांच्या नोकरीत साठविलेल्या पैशांतून एक मोटारसायकल घेतली. गाडी दारात आली तेव्हा घरातील सर्वांना ती विचित्रच दिसली. पुढचे चाक नेहमीच्या गाडीपेक्षा मोठे व बारीक, मडगार्ड उंच, आणि आसन इतके वर की बाईंच्या शब्दांत सांगावयाचे तर ‘बसायला ओट्यावर चढावे लागते’. ही गाडी रस्ता नसेल तेथे चालविण्यासाठी आहे, असे मुलाने सांगितले. त्यावर आजीने विचारले, “रस्ता नाही तिथं जायचं कशाला?” घरात कोणाजवळ उत्तर नव्हते, म्हणून तो प्रश्न या सदराकडे आला आहे. सोबत आणखी दोन आहेत. मुलास अडवावे काय? आणि न अडविल्यास त्याने आरंभ कसा करावा? धाकट्या मुलाविषयीही एक ओळ पत्राच्या शेवटी आहे. तिच्याकडे मागाहून येतो.

आजीचा प्रश्न हसण्यावारी नेण्यासारखा नाही. तिच्या तरुणपणी आपल्या मुलखात रस्ता नसलेल्या ठिकाणी जाणे हा खेळ नव्हता, ते नित्याचे जीवन होते. दुधाचे कॅन दोन्ही बाजूंस अडकवून गाडीवाटेने धडधडत येणारी राजदूत आणि म्हैसूरच्या कारखान्यातील येझदी ज्यांनी पाहिली आहे, त्यांना हे सांगावयास नको. मी स्वतः वीस वर्षांहून अधिक काळ येझदी चालविली, आणि त्यांतील निम्मा प्रवास तरी डांबर न पाहिलेल्या वाटांवर झाला. परंतु त्या वेळी आम्ही खड्डा चुकवीत होतो. आजचा तरुण मुद्दाम खड्ड्यात उतरतो. आजीला खटकते ते एवढेच.

दूरच्या वस्तीपर्यंत वेळेवर पोहोचता न आल्याने काय होते, याची एक सत्य हकिगत आपल्या वाचकांस ठाऊक असावी. जर्मनीतील ऑब्लेट संघाचे फादर पाउल शुल्टे यांचे एक मित्र, फादर ओटो फुरमान, आफ्रिकेत मिशनकार्य करीत असता तापाने आजारी पडले. दवाखाना दूर, वाहन नाही. वैद्यकीय साहाय्य वेळेवर न मिळाल्याने त्यांचे निधन झाले. या दुःखातून शुल्टे यांनी १९२७ साली ‘मिवा’ ही संस्था काढली. मिशनऱ्यांना मोटारी, मोटारसायकली, होड्या व विमाने पुरविणे हे तिचे काम. हेच शुल्टे १९३६ मध्ये हिंडेनबुर्ग या आकाशनौकेतून अटलांटिक ओलांडीत असताना त्यांनी आकाशात मिस्सा अर्पण केला. तेव्हा दगडधोंड्यांतून जाणारी मोटारसायकल म्हणजे केवळ रिकामटेकड्यांचे खेळणे, असे सरसकट म्हणता येणार नाही.

तथापि पत्रातील मुलगा कोणास औषध पोहोचविण्यास निघालेला नाही. त्याला मौज हवी आहे, आणि तेही आपण मोकळेपणाने मान्य करावे. ही मौज नवी नाही. इंग्लंडमध्ये कॅम्बर्ली येथे १९२४ साली माळ, चिखल व टेकड्यांवरून मोटारसायकलींची शर्यत झाली. आज जिला मोटोक्रॉस म्हणतात त्या खेळाचा उगम बहुतेक जण तेथेच मानतात. पुढे १९७७ मध्ये तिएरी साबीन नावाचा एक फ्रेंच मोटारसायकलस्वार शर्यतीत असताना लिबियाच्या वाळवंटात वाट चुकला. जिवावरच्या प्रसंगातून सुटल्यावर मनुष्य वाळवंटाचे नाव टाकील. याने उलट पॅरिसहून डाकारपर्यंतची शर्यत सुरू केली. पहिली शर्यत २६ डिसेंबर १९७८ रोजी पॅरिसहून निघाली. पुढे ती दक्षिण अमेरिकेत गेली व २०२० पासून सौदी अरेबियात भरते. बेंगळुरूचे सी. एस. संतोष यांनी २०१५ मध्ये ती पूर्ण केली. तसे करणारे ते पहिले भारतीय. भारतीय कंपनीच्या मोटारसायकलीवर रॉस ब्रँच या बोट्स्वानाच्या स्वाराने २०२४ मध्ये दुसरा क्रमांक मिळविला. घरातील तरुण भ्रमणध्वनीवर रात्री-अपरात्री जे पाहत असतात त्यांत याचा भाग मोठा आहे, हे आईवडिलांनी जाणून असावे.

आता गाडीविषयी. वर्णनावरून ती हीरो कंपनीची एक्सपल्स असावी. २०१९ मध्ये ती प्रथम बाजारात आली. माझ्या पुतण्यानेही गेल्या हिवाळ्यात तिचाच दोनशेचा नमुना घेतला, म्हणून मला तिची ओळख आहे. खरी डर्ट बाइक म्हणजे जिला दिवा नाही, आरसा नाही, नंबरपट्टी नाही. ती टेम्पोत घालून मैदानावर न्यावयाची व टेम्पोतच परत आणावयाची. तशी गाडी सार्वजनिक रस्त्यावर चालविणे बेकायदा आहे. एक्सपल्स दोन्ही घरची पाहुणी आहे: नोंदणी होते, रस्त्यावर चालते आणि मातीतही उतरते. पुढचे चाक एकवीस इंची, मागचे अठरा. दोन्ही तारांची, आत ट्यूब असलेली. पोटाखालची मोकळी जागा २२० मिलिमीटर, म्हणजे वीतभर. पुढचा शॉकअॅब्सॉर्बर, ज्याला आपले गॅरेजवाले ‘शॉकअप’ म्हणतात, १९० मिलिमीटर दबतो, मागचा १७०. वजन दीडशे किलोंच्या थोडे वर. हा वजनाचा आकडा लक्षात ठेवावा, कारण पहिल्या दिवसाचा धडा त्यातच आहे.

मोठे चाक शोभेसाठी नाही. बैलगाडीचे चाक दगडावरून जाते आणि लहान ढकलगाडीचे तेथेच अडते, हे प्रत्येक शेतकऱ्यास ठाऊक आहे. चाक जितके मोठे तितका दगडाशी होणारा त्याचा कोन सौम्य, आणि धक्का चाकाला मागे न ढकलता वर उचलतो. बारीक टायर सैल मातीवर तरंगत नाही, ती कापून खालच्या घट्ट थरापर्यंत जातो. कारखान्यातील इंजिनियरांनी जे केले, ते आपल्या सुतारांनी फार पूर्वी केले होते.

पुतण्याच्या पहिल्या तीन रविवारांस मी त्याजबरोबर पायी होतो. सकाळच्या मिस्सानंतर न्याहारी करून आम्ही निघत असू. बाईंच्या दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर त्या तीन रविवारांत आहे, म्हणून ते जरा विस्ताराने सांगतो.

पहिल्या रविवारी आम्ही घरच्याच शेतात गेलो. भात कापून झाले होते, जमीन वाळली होती. मी त्याला गाडी सुरूच करू दिली नाही. “आधी हिला आडवी पाड,” म्हणालो. तो माझ्याकडे पाहतच राहिला. नवी कोरी गाडी, टाकीवरचे प्लास्टिकही अजून काढलेले नव्हते! परंतु मातीत उतरणारा पडणारच, आणि ज्याला दीडशे किलोंची गाडी एकट्याने उचलता येत नाही त्याने घरापासून दूर जाऊ नये. गवताच्या पेंढ्या पसरून आम्ही ती हळूच निजविली. उचलण्याची रीत अशी: प्रथम इंजिन बंद. गाडी उजव्या कुशीवर पडली असेल तर साइड स्टँड आधीच बाहेर काढून ठेवावा, म्हणजे उभी होताच ती पलीकडे डावीकडे कोसळत नाही. पहिला गिअर घालावा, म्हणजे चाक फिरत नाही. हँडल एका बाजूस पूर्ण वळवावे. मग गाडीकडे पाठ करून आसनाच्या कडेला टेकून बसावे, एका हाताने हँडल व दुसऱ्याने मागची सळई धरावी, आणि पाठ ताठ ठेवून मांड्यांच्या बळावर मागे मागे चालत उठावे. कमरेतून वाकून उचलणारा तरुण त्या दिवशी गाडी उचलतो आणि पुढचा आठवडा अंथरुणात काढतो. पुतण्याने तिसऱ्या खेपेस ती सहज उभी केली. घामाघूम होऊन म्हणाला, “काका, पोत्यापेक्षा सोपं आहे की हो!” पोती वाहिलेल्या मुलास असे शिकणे सोपे जाते.

मग उभे राहण्याचा सराव. या गाडीवर बसून नव्हे, उभे राहून जावयाचे असते. नवख्यास हे उलटे वाटते. घरच्या मंडळींस तर तो चक्क मस्ती करीत आहे असे दिसते. पुतण्याच्या आजीने गच्चीवरून पाहून ओरडाच केला. कारण मात्र साधे आहे. बसलेल्या मनुष्याचे वजन आसनावर असते, म्हणून मागचे चाक उडाले की तोही उडतो. उभ्या मनुष्याचे वजन पायांखालच्या फुटरेस्टवर येते आणि गाडी त्याच्या गुडघ्यांखाली स्वतंत्रपणे डोलते. त्याचे गुडघे म्हणजे आणखी एक शॉकअप. उभे राहिल्याने तोल खाली येतो असे काही जण सांगतात. ते बरोबर नाही. शरीर तर उंचच जाते. लाभ होतो तो गाडी व स्वार यांच्यातील या सैलपणाचा. गुडघे किंचित वाकलेले, टाकीला हलके चिकटलेले, कोपरे बाहेर, हात हँडलवर पाखरू धरावे तसे, सुटू नये आणि चिरडूही नये. दृष्टी चाकापुढे नव्हे, पंधरावीस पावले पुढे. ज्या दगडाकडे टक लावाल त्याच दगडावर चाक जाते, हा अनुभव सायकल शिकलेल्या प्रत्येकाचा आहे.

त्या दिवशी तो पहिल्या व दुसऱ्या गिअरपलीकडे गेला नाही. क्लच अर्धा दाबून, मागचा ब्रेक जरा लावून, चालत्या माणसाच्या गतीने शेताला प्रदक्षिणा. हळू चालविणे हे वेगाने चालविण्याहून अवघड, आणि येथे तेच उपयोगी पडते. दोनदा पडला. दोन्ही वेळा वळणावर, जवळजवळ उभ्या गाडीवरून. क्लचचे पाते थोडे वाकले. मागचा ब्रेक दाबला की चाक घसरते, मोकळा सोडला की पुन्हा सरळ होते, हे पायाला समजेपर्यंत दुपार झाली. पुढच्या ब्रेकास सैल मातीत एकच बोट पुरे, तेही हँडल सरळ असतानाच.

दुसरा रविवार सड्यावरचा. आपल्या भागाचा जांभा आणि त्यावरची लालभडक बारीक खडी वाचकांस परिचित आहे. फ्रान्सिस बुकॅनन या स्कॉटिश अधिकाऱ्याने केरळातील अंगाडीपुरम येथे हाच दगड विटांसारखा कापताना पाहिला आणि १८०७ साली छापलेल्या आपल्या ग्रंथात त्याला ‘लॅटराइट’ म्हटले. लॅटिनमध्ये ‘लाटेर’ म्हणजे वीट. ओला असता कापता येणारा हा चिरा वाऱ्यावर कठीण होतो, हे आपले गवंडी जाणतात. मोटारसायकलस्वारास मात्र त्याची दुसरी बाजू भेटते: वरच्या थराचे वाटाण्याएवढे गोल खडे सुटून कठीण पृष्ठावर पसरतात, आणि चाक जणू ज्वारीच्या दाण्यांवर चालते. येथे हवेचा प्रश्न येतो. टायरमधील हवा पुस्तिकेतील आकड्याहून चारपाच पौंड कमी केली तर टायर पसरतो व पकड वाढते. त्याहून फार कमी करू नये. ट्यूब दगड व रिम यांमध्ये चिमटून सापाच्या दंशासारखी दोन भोके पडतात. आणि डांबरी रस्त्यावर परतण्यापूर्वी हवा पुन्हा भरावी. यासाठी पायाने मारावयाचा लहान पंप बरोबर असावा. पुतण्याने तो विसरला असे सांगितले, तेव्हा मी हवा कमी करू दिली नाही, आणि तो दिवस त्याने घसरतच काढला.

उतारावर ए.बी.एस. नावाची सोय आडवी येते, हेही त्याच दिवशी कळले. डांबरावर चाक अडकू न देणारी ही यंत्रणा जीव वाचविते. सैल खडीच्या उतारावर मात्र ती ब्रेक पुनःपुन्हा सोडते, आणि गाडी थांबतच नाही असे वाटते. म्हणूनच अशा काही गाड्यांत ती सौम्य वा बंद करण्याची कळ दिलेली असते. आपल्या गाडीत काय आहे ते पुस्तिकेत वाचून घ्यावे आणि रस्त्यावर येताच यंत्रणा पूर्ववत चालू झाल्याची खात्री करावी. उतरताना पहिला गिअर ठेवून इंजिनाचा आवळ घ्यावा, शरीर मागे न्यावे, क्लच दाबू नये. चढताना उलट: शरीर पुढे, गती आरंभीच घ्यावी, मध्येच गिअर बदलू नये. चढाच्या मध्यावर गाडी बंद पडली तर घाबरून क्लच दाबल्यास ती मागे धावते; गिअरमध्येच ठेवून पुढचा ब्रेक धरावा व शांतपणे उतरावे.

तिसऱ्या रविवारी ओढा. आमच्या तालुक्यात कणकुंबीला मलप्रभा उगम पावते व देगावजवळ म्हादई. लहानमोठ्या ओढ्यांची उणीव नाही. पाण्यातून गाडी नेण्याआधी स्वतः पायी जावे, हा नियम मी त्याला मोडू दिला नाही. तळाशी गोटे आहेत की गाळ, पाणी गुडघ्याखाली राहते की वर येते, हे काठावरून दिसत नाही. इंजिनास श्वास घेण्याचे तोंड असते. तेथून पाणी आत शिरले तर ते वाफेसारखे दाबले जात नाही आणि आतील दांडा वाकतो. पाण्यात गाडी पडून बंद झाली तर स्टार्टर मुळीच दाबू नये. काठावर आणून प्लग काढून आतील पाणी बाहेर पडू द्यावे. पुतण्या बूड न टेकता, एकाच गतीने, पलीकडच्या काठावरच्या जांभळीवर नजर ठेवून पार झाला. मागे वळून त्याने जी आरोळी ठोकली, ती ऐकून म्हशी धुणारा गडी धावत आला. आजीच्या प्रश्नाचे उत्तर, माझ्या मते, त्या आरोळीत काही अंशी होते. एक हजार वेळा ज्या ओढ्याशी थांबून परतलो, तो आज आपल्या कौशल्याने ओलांडला, हा आनंद खोटा नव्हे. परतताना ओले ब्रेक काम देत नाहीत. थोडे अंतर ते हलके दाबीत जावे, हे सांगावयाचे राहू नये.

आता अडवावे काय, या प्रश्नाकडे. वाचकहो, मी अडविण्याच्या बाजूचा नाही. परंतु परवानगीस मी अटी घालीन, आणि त्यांतील पहिली पैशाची आहे. दीड लाखाच्या आसपासची गाडी घेणारा तरुण शिरस्त्राणास पैसे उरले नाहीत म्हणतो, हे मी एकाहून अधिक घरी पाहिले आहे. आय.एस. ४१५१ या प्रमाणाची खूण नसलेले शिरस्त्राण म्हणजे टोपली होय. गुडघ्यांचे व कोपरांचे संरक्षक, हातमोजे, डोळ्यांना धुळीपासून गॉगल, आणि घोट्याच्या वर येणारे घट्ट बूट. शेतातले रबरी गमबूट चालत नाहीत, ते पायाला पिळापासून वाचवीत नाहीत. पडणारा मनुष्य हात पुढे करतो, म्हणून मनगट व गळ्याजवळचे हाड मोडते. गाडीखाली सापडतो, म्हणून घोटा. हे सर्व सामान येईपर्यंत गाडी मातीत उतरू नये, एवढे आईने निश्चयाने सांगावे. मुलगा रागावेल. रागावू द्यावे.

दुसरी अट एकट्याने न जाण्याची. सड्यावर भ्रमणध्वनीस संदेश मिळत नाही अशा जागा अनेक आहेत. सोबतीस दुसरा असावा, तो पायी असला तरी चालेल. कोठे जात आहोत व केव्हा परतू हे घरी सांगून निघावे. १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका कर्नाटक, महाराष्ट्र व गोवा, तिन्हीकडे येते, परंतु ती रस्त्यापर्यंतच. तेथून आत पडलेल्यास खांद्यावर आणणारे कोणी हवे. आणखी एक गोष्ट घरच्या कर्त्या पुरुषाने वाचावी: गाडीच्या साध्या विम्याच्या कागदावर शर्यत व वेगाची चाचणी यांना संरक्षण नाही असे लिहिलेले असते. मित्रांनी माळावर पैज लावली तर नुकसान आपल्या खिशातून.

कौशल्य असले म्हणजे अपाय होत नाही, असा समज कोणी करून घेऊ नये. पोर्तुगालचे पाउलो गोन्साल्वेस हे अत्यंत अनुभवी स्वार १२ जानेवारी २०२० रोजी डाकार शर्यतीत पडून मरण पावले. वर उल्लेखिलेले संतोष २०२१ च्या शर्यतीत पडले, कित्येक दिवस बेशुद्धावस्थेत होते. सुदैवाने बरे झाले. पत्नी, आई, भावंडे यांनी काय सोसले असेल ते सांगण्याची आवश्यकता नाही. हा भाग मुलास जेवताना, रागावून नव्हे, वाचून दाखवावा.

तिसरी अट जमिनीची, आणि तिच्याविषयी मी सर्वांत कडक आहे. ‘रस्ता नाही’ याचा अर्थ ‘मालक नाही’ असा होत नाही. आमच्याच गावी दुसऱ्या एका तरुणाने भाताचा बांध ओलांडताना वरची माती ढासळविली. पावसाळ्यात तेथूनच पाणी फुटले आणि शेजाऱ्याचे रोप वाहून गेले. दोन घरांचे बोलणे अद्याप बंद आहे. बांध घालण्यास किती टोपल्या माती लागते हे गाडीवर बसणाऱ्यास ठाऊक नसते. चढावर एकाच जागेवरून चाके गेली की चर पडतो, आणि पहिल्याच वळवाच्या पावसात त्याची घळ होते. राखीव वनात वाटेल तेथे शिरणे वनकायद्याखाली गुन्हा आहे. अभयारण्यात परवानगीवाचून प्रवेश १९७२ च्या वन्यजीव कायद्याने निषिद्ध आहे. आमच्या एका अंगाला भीमगड अभयारण्य, दुसऱ्या अंगाला गोव्याचे म्हादई. सीमेवरच्या तरुणास नकाशा न पाहता चालणार नाही. आणि मार्चपासून सड्यावर टिटवी अंडी घालते, उघड्या खडीतच, घरटे असे काही नाही. मातकट ठिपक्यांची ती अंडी चालत्या माणसासही पायाजवळ येईपर्यंत दिसत नाहीत. ती ओरडत डोक्यावर घिरट्या घालू लागली की गाडी बंद करून तेथून मागे फिरावे. आमच्या पुतण्यास मी हे एकदा सांगितले; आता तो मार्चनंतर सड्यावर जातच नाही, शेतात व गाडीवाटेवर फिरतो.

आवाजाविषयी दोन शब्द. कंपनीचा सायलेन्सर काढून मोठ्या आवाजाचा बसविणे बेकायदा तर आहेच. शिवाय त्याने शक्ती वाढते हा समज बहुतांशी कानाचा असतो. आजारी माणसाच्या घरावरून, शाळेवरून, मिस्सा चालू असता देवळाच्या आवारातून असे वाहन नेणाऱ्यास गावाने प्रथम प्रेमाने व मग स्पष्टपणे सांगावे.

परत आल्यावर गाडी धुणे हाही फेरीचाच भाग मानावा. लाल माती चेनमध्ये बसली की कानशीसारखी झिजविते. चेन पुसून तेल द्यावे, हवेची जाळी उघडून पाहावी, तारांवर बोट वाजवून सैल तार शोधावी. घट्ट तार वाजते, सैल तार मुकी राहते. दाबाने येणारा पाण्याचा फवारा चाकांच्या बेअरिंगवर मारू नये. ज्या मुलाने स्वतःचे ताटही कधी उचलले नाही, तो संध्याकाळी दोन तास पायरीवर बसून दातांच्या जुन्या ब्रशाने चेन घासताना दिसेल. बाईंनी त्याबद्दल टोमणा मारू नये.

आता धाकट्याविषयी. तो पंधरा वर्षांचा आहे आणि थोरल्याबरोबर जाण्याचा हट्ट धरतो. गिअरच्या मोटारसायकलीचा परवाना अठरा वर्षे पूर्ण झाल्याखेरीज मिळत नाही. २०१९ च्या सुधारणेनंतर अल्पवयीन मुलाने गाडी चालवून गुन्हा केल्यास पालक वा गाडीचा मालक जबाबदार धरला जातो. पंचवीस हजार रुपये दंड आणि तीन वर्षांपर्यंत कैद अशी शिक्षा कायद्यात आहे, गाडीची नोंदणीही वर्षभरासाठी रद्द होते. तेव्हा रस्त्यावर ती त्याच्या हाती देण्याचा प्रश्नच उद्भवत नाही. मागे बसवून मातीत नेणेही नको. मागे बसलेल्यास उभे राहता येत नाही, आणि स्वारास शरीर मागे नेण्यास जागा उरत नाही. त्याला पंप, पाण्याची बाटली व औषधांची पेटी देऊन पायी पाठवावे. थोरला पडला की उचलू लागण्यास दोन हात होतील. पुढच्या चाकाचे बोल्ट आवळण्याचा पाना कितव्या नंबरचा, हे आमच्या घरी पुतण्याच्या आधी त्याच्या धाकट्या भावालाच पाठ झाले आहे.